क्लब बदलणारी खेळाडू आणि निष्ठेचा प्रश्न

व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द ही करारांची साखळी असते. एका मोसमात ज्या संघासाठी जीव तोडून धावायचे, त्याच संघाविरुद्ध पुढच्या मोसमात तितक्याच जोमाने गोल करायचा, हे या धंद्यात गृहीत धरलेले असते. पंजाबच्या होशियारपूर जिल्ह्यातील मुगोवाल गावच्या मनीषा कल्याणचा प्रवास असाच आहे. तमिळनाडूचा सेतू एफसी, मग गोकुळम केरळ, २०२२ मध्ये सायप्रसचा अपोलोन लेडीज आणि २०२४ मध्ये ग्रीसचा पाओक. यातला प्रत्येक बदल खेळाच्या नियमांत बसतो, त्यामुळे कायद्याच्या अंगाने त्यात काही वाद नाही. वाद आहे तो नीतीचा. दर दोन-तीन वर्षांनी ज्या व्यक्तीचा संघ बदलतो, तिच्या निष्ठेला काही अर्थ असतो का? असल्यास ती निष्ठा नेमकी कुणाशी?

ऑगस्ट २०२२ मधल्या एका आठवड्याने या प्रश्नाची धार दाखवून दिली. भारतीय फुटबॉल महासंघाच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाल्याचे कारण देऊन फिफाने महासंघाला निलंबित केले. गोकुळम केरळचा महिला संघ त्या वेळी आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचला होता. महासंघच निलंबित, म्हणून त्याच्या क्लबांनाही आंतरराष्ट्रीय स्पर्धेची दारे बंद झाली आणि एकही सामना न खेळता मुली परतल्या. कारभाऱ्यांच्या भांडणात त्यांचा काडीचाही हात नव्हता. त्याच आठवड्यात, १८ ऑगस्टला, मनीषा कल्याण अपोलोनकडून लाटव्हियाच्या एसएफके रीगाविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरली आणि युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय ठरली. काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ती गोकुळमचीच होती. ती तिथेच राहिली असती तर तिच्या एकनिष्ठेचे फळ ताश्कंदचा विमानतळ एवढेच असते. अर्थात यावरून सोडून जाणे योग्य ठरत नाही. फळावरून कर्माचे मोल ठरवू नये हे गीतेने शिकवलेच आहे. पण राहणे म्हणजे पुण्य आणि जाणे म्हणजे पाप, हा सरधोपट हिशेब इथे कोसळतो.

तो हिशेब आला कुठून, हे पाहायला महाभारतातला युद्धारंभ उपयोगी पडतो. युधिष्ठिर शस्त्रे खाली ठेवून भीष्माकडे आशीर्वाद मागायला जातो, तेव्हा भीष्म त्याला विजयाचा आशीर्वाद देतो, पण लढणार मात्र कौरवांच्या बाजूने. कारण तो स्वतःच सांगतो: कौरवांच्या अर्थाने तो बांधला गेला आहे. द्रोण, कृप आणि शल्यही तेच बोलतात. न्याय कुठे आहे हे ठाऊक असूनही खाल्ल्या मिठाला जागणारी ही माणसे. त्याच प्रसंगात पुढे युधिष्ठिर दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून हाक देतो, की ज्याला इकडे यायचे असेल त्याने यावे. आणि धृतराष्ट्राचाच एक मुलगा, युयुत्सू, पांडवांकडे निघून येतो. धृतराष्ट्राच्या पुत्रांत युद्धानंतर उरतो तो तेवढाच. महाकाव्य त्याला कुठेही विश्वासघातकी म्हणत नाही. लोकमानसाने मात्र कर्णाला डोक्यावर घेतले, युयुत्सूला विसरून टाकले आणि रामायणातल्या विभीषणाला घरभेदी ठरवले. राहणाऱ्याचे कौतुक आणि जाणाऱ्याचा संशय ही सवय ग्रंथांपेक्षा ग्रंथ ऐकणाऱ्यांची जास्त आहे. बाईच्या बाबतीत ती दुप्पट कडक होते, कारण एकनिष्ठा हाच तिचा धर्म असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आहे.

या सवयीची सर्वांत कठोर परीक्षा पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरीच्या पट्ट्यात झाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथल्या वारली समाजात लग्नगडी नावाची प्रथा होती. लग्नाला पैसा लागे, तो जमीनदाराकडून उसना घ्यायचा आणि त्या बदल्यात नवऱ्याने त्याच्याकडे राबायचे. बायकोही ओघाने राबायला येई. कर्ज किरकोळ रकमेचे, पण ते फिटले असे जमीनदाराने कधी म्हणायचेच नाही. मालकाला सोडून गेलेला गडी बेइमान ठरे आणि त्याला मारून परत आणले जाई. म्हणजे ‘इमान’ हा गुण मालकाच्या ताब्यातले हत्यार झाला होता. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आता तलासरीत आहे. किसान सभेचे शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने तिथे ठरले, की वेठ करायची नाही आणि रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतावर राबायचे नाही. मग पाड्यापाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना मोकळे करण्यात आले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या पोलिस गोळीबारात जेठ्या गांगड आणि इतर वारली मारले गेले. गोदावरीबाईंनी हा सारा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात नोंदवला आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. लग्नगड्यानेही अंगठा दिलेलाच असे. पैसे हवे होते, ते त्याने स्वतः मागितले, अटी मान्य केल्या. संमती हीच कराराची नैतिक कसोटी मानली तर लग्नगडी हाही स्वेच्छेचा करार ठरतो, आणि ही उघड विटंबना आहे. म्हणून कसोटी आत येताना दिलेल्या संमतीची नसून बाहेर पडण्याच्या मोकळिकीची असली पाहिजे. ज्याला जाता येत नाही त्याचे राहणे निष्ठेत मोजता येत नाही. ते फक्त राहणे असते. भीष्माला निदान कुणी साखळदंड घातलेले नव्हते.

फुटबॉलने हा धडा स्वतःच्या पद्धतीने, आणि फार उशिरा, गिरवला. इंग्लंडमध्ये करार संपल्यावरही क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शकत असे. जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात १९६३ मध्ये न्यायालयाने ही पद्धत अन्यायकारक ठरवली. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमनच्या खटल्यात १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूसाठी जुना क्लब हस्तांतराचे पैसे मागू शकत नाही. महिला खेळाडूंना आणखी वाट पाहावी लागली. अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगमध्ये क्लब आपल्या खेळाडूला न विचारता दुसऱ्या शहराच्या क्लबकडे धाडू शकत होता. आज एका किनाऱ्यावर घर, उद्या दुसऱ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सामूहिक कराराने तिथे नव्या खेळाडूंची वाटणी करणारा ड्राफ्ट बंद झाला आणि संमतीविना अदलाबदलही थांबली. पगारी खेळाडूची आणि वेठीला धरलेल्या गड्याची तुलना अर्थातच फार ताणता येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन खेळाडू नेओमी गर्मासाठी इंग्लंडच्या चेल्सीने दहा लाख डॉलरपेक्षा अधिक मोजले. झरीच्या सभेत बारा आण्यांसाठी माणसे जिवावर उदार झाली होती. पण मालक बदलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. जाण्याची मोकळीक म्हणजेच निष्ठा नव्हे. मोकळीक असूनही राहणे ही निष्ठा. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि तिथला चाहता आपली तालीम निवडत नाही, ज्या पेठेत जन्मला ती त्याची होते. अशी जन्मजात आपुलकी कराराने येत नाही हे खरे. अमेरिकन तत्त्वज्ञ जोसाया रॉइस याने १९०८ च्या आपल्या पुस्तकात निष्ठेला सर्व सद्गुणांचे मूळ मानले, पण त्याची पहिली अट स्वेच्छेची होती, आणि निष्ठेचा विषय एखाद्या मालकापेक्षा मोठा, अनेकांना जोडणारा असावा असे त्याचे म्हणणे होते. या अर्थाने पेठ हा निष्ठेचा विषय होऊ शकते. गुंतवणूकदाराने उभा केलेला क्लब होईलच असे नाही. पहिली इंडियन विमेन्स लीग २०१७ च्या सुरुवातीला सहा संघांत खेळली गेली आणि तीन आठवड्यांच्या आत आटोपली. त्या सहांत एफसी पुणे सिटी होता. २०१९ मध्ये तो क्लबच बंद झाला. तिथल्या मुलींनी आजन्म एकनिष्ठ राहायचे ठरवले असते तर कुणाशी राहिल्या असत्या? भारतीय महिला फुटबॉलमध्ये खेळाडूने क्लब सोडण्याआधी क्लबने तिला सोडल्याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत. बाला देवीसारखी नावाजलेली खेळाडू मणिपूर पोलिसांची नोकरी आणि त्यांचा संघ यांच्या आधारावर टिकली. २०२० मध्ये ती ग्लासगोच्या रेंजर्सकडे गेली आणि गुडघ्याच्या दुखापतीनंतर परत आली.

तेव्हा क्लब बदलणाऱ्या खेळाडूची निष्ठा कुठे शोधायची? खेळात आणि त्या दिवशीच्या सोबतिणींत, हे उत्तर पटण्याजोगे आहे. करार चालू असेपर्यंत हातचे राखून न खेळणे, जुन्या संघाविरुद्धही पाय मागे न घेणे, हा त्या कसबाचा स्वधर्म. त्याला जागा बदलल्याने बाधा येत नाही. डहाणूच्या लोकधर्मात या विचाराला परके असे काही नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची आख्यायिका तेच सांगते: देवी मूळची कोल्हापूरची, इथे आली ती मुसळ्या डोंगरावर राहिली, एक गरोदर भक्तीण डोंगर चढताना मूर्च्छित पडली, तेव्हा देवीने स्वतःच पायथ्याशी यायचे ठरवले. चैत्र पौर्णिमेपासून भरणाऱ्या जत्रेला लोक पायथ्याच्या देवळात जातात आणि डोंगरावर ध्वजही चढतो. देवीने दोनदा ठाणे बदलले म्हणून तिचे देवपण उणे झाले असे कुणी मानत नाही. बदलाचे कारण काय, एवढेच पाहिले जाते.

एक अडचण मात्र या उत्तराने सुटत नाही. बाहेर पडण्याचा हक्क कागदावर असला तरी जायला दुसरे ठिकाण हवे. तलासरी-डहाणूतली कुटुंबे आजही दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि उचल फिटेपर्यंत भट्टी सोडणे सोपे नसते. १९४५ चा प्रश्न पूर्णपणे संपलेला नाही. आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डी आणि खो-खो गाजवणाऱ्या इथल्या मुलींची मैदाने बहुधा शाळेबरोबरच सुटतात. पुढे उंबरगाव-वापीच्या कारखान्यांची पाळी असते किंवा लग्न. डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल २०१३ मध्ये आली, पण चर्चगेट तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तलासरी गावाला रेल्वे स्टेशनच नाही. फिफाच्या नियमानुसार अठरा वर्षांखालील खेळाडूचे परदेशी हस्तांतर काही अपवाद वगळता होत नाही, त्यामुळे पहिला क्लब देशातच, शक्यतो घरापासून जवळ असावा लागतो. कोणता क्लब सोडावा हा पेच पडण्याआधी या दोन तालुक्यांतल्या मुलीला असा एखादा क्लब मिळावा लागेल.