अनुपलब्धी आणि अभाव

संगणकाच्या कळफलकावरील सर्वांत लांब कळ कोणतेही अक्षर उमटवीत नाही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणे एवढेच तिचे काम. तरीही १९६३ साली सिद्ध झालेल्या, अक्षरांना क्रमांक देणाऱ्या अमेरिकी संकेततक्त्यापासून आजतागायत यंत्राच्या दप्तरी त्या मोकळेपणाची ३२ या क्रमांकाने रीतसर नोंद आहे. उत्तरकालीन वैशेषिकांनी द्रव्य-गुणादी सहा पदार्थांच्या पंक्तीला अभाव हा सातवा पदार्थ बसविला, तो केवळ वादपटूंचा बुद्धिविलास होता असे ज्यांना वाटते, त्यांनी या स्पेसबारचा एकदा शांतपणे विचार करावा.

अभाव हा नेहमी कशाचा तरी असतो, आणि ज्याचा असतो त्याला नैयायिक प्रतियोगी म्हणतात. शासनमान्य इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताखाली व बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात. शिफ्ट दाबून धरली की 'क'च्याच कळीतून 'ख' आणि 'त'च्या कळीतून 'थ' निघतो. डाव्या मधल्या बोटाखालची कळ व्यंजनातला अकार काढून घेते, आणि शिफ्टसह दाबली असता तीच कळ संपूर्ण 'अ' उमटविते. अभाव आणि त्याचा प्रतियोगी एकाच स्थानी असे शेजारी नांदताना मी अन्यत्र पाहिलेले नाहीत. बॅकस्पेसने पुसलेल्या अक्षराचा प्रध्वंसाभाव, म्हणजे नाशानंतरचा अभाव, आणि अद्याप न उमटलेल्या अक्षराचा प्रागभाव, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, हे तर उघडच आहेत.

मात्र कळीच्या अंगी अक्षर नसतेच. ती दाबली असता कळफलकातील विद्युत्मंडल केवळ तिच्या स्थानाचा क्रमांक कळविते. त्या स्थानी कोणते अक्षर वसावे, हे संगणकातील मांडणीचा तक्ता ठरवितो, आणि तो तक्ता माणसांनी केलेला असतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात या विवेचनाला धार येते. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत माडिया आणि गोंडी या भाषा घराघरांत बोलल्या जातात. २०११च्या जनगणनेत गोंडीभाषकांची देशातील संख्या २९ लाखांवर होती. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली. तिच्या अक्षरांना युनिकोड या जागतिक संकेततक्त्यात क्रमांक मिळाले ते २०१७ साली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतील दुसऱ्या गोंडी लिपीला ते २०१८ साली लाभले. म्हणजे रित्या जागेची नोंद झाल्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या अक्षरांना कोणत्याही यंत्राच्या दप्तरी जागा नव्हती. ही गोष्ट मला अतिशय बोचते.

न दिसणे हा नसण्याचा पुरावा केव्हा होतो? मीमांसक कुमारिलांच्या अनुयायांनी अनुपलब्धीला, म्हणजे या न दिसण्याला, स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट घातली ती योग्यतेची: वस्तू असती तर खात्रीने दिसली असती, अशा स्थितीतच तिचे न दिसणे ग्राह्य धरावे. ताडोब्याच्या रानात अमावास्येच्या रात्री वाघ दिसला नाही, एवढ्यावरून तिथे वाघ नाही असा दाखला कोणताही वनरक्षक देणार नाही. कचेरीच्या कागदात गोंडी आढळत नाही, म्हणून तिला लेखनाची परंपराच नाही असे म्हणणारा मात्र तीच चूक निःशंकपणे करतो. कारण ज्या कळफलकावर ते कागद तयार झाले, तो तिला दाखविण्यास योग्यच नव्हता. येथे अभाव खरा आहे, पण त्याचे अधिकरण, म्हणजे तो जिथे नांदतो ती जागा, दप्तर आहे, भाषा नव्हे.

कचेरीच्या अशाच कागदांपैकी एक म्हणजे वनहक्काचा अर्ज. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनी गावातील ज्येष्ठांचे लेखी निवेदन पुरावा म्हणून मान्य केले आहे. एखादा वृद्ध आपल्या नाल्याची, देवस्थानाची आणि पूर्वजांच्या शेताची हद्द माडियात सांगतो, आणि ती मराठी होऊन अर्जात उतरते. उतरताना काय गळले, हे त्या अर्जावरून कळण्याचा मार्ग नाही, कारण गळलेल्या शब्दासाठी स्पेसबारएवढी जागासुद्धा कोणी सोडलेली नसते.

युनिकोडचा क्रमांक मिळाला म्हणजे कळ मिळाली असेही नाही. त्यापुढे फाँट हवा, मांडणीचा तक्ता हवा, ती लिपी शिकविणारी शाळा हवी; आणि माडिया निवेदन माडियातच दाखल करून घेणारा, मराठी भाषांतर त्याला जोडणारा अधिकारीही हवा.