कानाचा निवाडा

माणसाचा हेल ऐकताच त्याच्या अकलेविषयी मत बनवणे हा निव्वळ आवडीनिवडीचा भाग आहे की तो अन्याय आहे? मला तो अन्याय वाटतो, आणि वेल्श भाषेचा इतिहास त्याची साक्ष देतो. वेल्समधल्या शाळांची पाहणी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने तीन इंग्रज वकील नेमले. तिघांनाही वेल्श येत नव्हती. शिवाय ते अँग्लिकन होते आणि ज्यांना तपासायचे ती बहुतेक माणसे चॅपलमध्ये जाणारी, अधिकृत चर्चबाहेरची. 1847 च्या त्यांच्या अहवालात शाळांच्या दुरवस्थेबद्दल बरेच खरे लिहिलेले होते. पण त्याच ओघात वेल्श भाषा प्रगतीतली धोंड ठरली आणि वेल्श स्त्रियांच्या शीलावरही शिंतोडे उडाले. याच भाषेत 1588 पासून संपूर्ण बायबल होते, आणि अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्सच्या फिरत्या शाळांमधून असंख्य गरिबांनी ते वाचायला शिकून घेतले होते. परीक्षकांना भाषा कळली नाही, आणि अज्ञानाचा ठपका बसला तो बोलणाऱ्यांवर. श्रोत्याच्या पूर्वग्रहामुळे बोलणाऱ्याची विश्वासार्हता कमी धरली जाते, त्याला तत्त्वचिंतक मिरांडा फ्रिकर ज्ञानव्यवहारातला अन्याय म्हणतात.

यावर कोणी म्हणेल, काही उच्चार मुळातच गोड असतात आणि काही कर्कश, त्यात कानाचा काय दोष? या आक्षेपाची परीक्षा झालेली आहे. 1960 साली वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमध्ये एकाच द्विभाषिक माणसाचा आवाज इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ऐकवला. ही दोन वेगळी माणसे आहेत अशी श्रोत्यांची समजूत होती. इंग्रजी बोलणारा अधिक हुशार आणि भरवशाचा ठरला, आणि असा कौल देणाऱ्यांत खुद्द फ्रेंचभाषक होते. पुढे हॉवर्ड गाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेंच न येणाऱ्या वेल्श श्रोत्यांना फ्रान्सची आणि क्वेबेकची फ्रेंच ऐकवली. क्वेबेकमध्ये या बोलींची ठरलेली उतरंड आहे. वेल्श श्रोत्यांना तिच्यातली एकही पायरी ऐकू आली नाही. कर्कशपणा ध्वनीत असता तर तो त्यांनाही बोचला असता. म्हणजे कान जे ऐकतो, ते समाजाने त्याला आधी पढवलेले असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वेल्श मागे पडली ती कोळसा, रेल्वे आणि नोकऱ्यांमुळे. लोकांच्या मताला दोष कशाला? 1911 च्या जनगणनेत सुमारे 43.5 टक्के लोकांना वेल्श बोलता येत होती, 2021 मध्ये 17.8 टक्क्यांना. ही घसरण केवळ पूर्वग्रहाने घडली, असे मी म्हणणार नाही. पण पोटासाठी इंग्रजी शिकणे आणि त्यासाठी घरातली वेल्श सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अर्थकारण पुरते. दुसरीसाठी आपल्या बोलीची लाज वाटावी लागते, आणि ती लाज कुणीतरी वरून लादलेली असते.

तशी ती झुगारताही येते. रिचर्ड बुऱ्हीस आणि गाइल्स यांनी 1977 मध्ये वेल्श शिकणाऱ्या प्रौढांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चारातला एक आवाज त्यांना विचारतो, या मरू घातलेल्या भाषेच्या मागे का लागता? भाषेवर जीव असलेल्यांचा वेल्श हेल उत्तर देताना अधिकच ठसठशीत झाला, आणि काहींनी इंग्रजी वाक्यांत वेल्श शब्द घातले.