सायकलचे कुलूप आणि शेजाऱ्यावरील विश्वास

देवावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाने आपल्या सायकलीला कुलूप लावावे काय, आणि लावावे तर किती भक्कम? प्रश्न वाचून काहींना हसू येईल. पण मंडळीतील एका वृद्ध बंधूंनी तो आम्हांस मोठ्या कळकळीने विचारला आहे. ज्याच्या शेजारी बसून आपण प्रभुभोजन घेतो, त्याच्यावरच संशय घेऊन मंदिराच्या आवारात कुलूप घालावयाचे, हे त्यांच्या मनास पटत नाही.

त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. तथापि भरवसा निराळा आणि निष्काळजीपणा निराळा. देव सांभाळील म्हणून मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याची सैतानाची सूचना प्रभू येशूने झिडकारली, हे आपण जाणतो. नहेम्याने यरुशलेमेचा तट बांधताना प्रार्थना केली आणि पहाराही बसविला. वेशींना दारे लावली तेव्हा कड्या व अडसर घालण्यास तो विसरला नाही.

तेव्हा कुलूप घ्यावे, पण कोणते? मागच्या चाकावर कायमचे बसविलेले गोल कुलूप आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. खटका दाबला, किल्ली काढली की झाले. दांडी आऱ्यांमधून आडवी जाते व चाक फिरत नाही. मात्र सायकल उचलून टेम्पोत टाकणाऱ्यापुढे त्याचे काही चालत नाही. तारेचे कुलूप हलके, खांबाला बांधता येते, परंतु बारीक तार साध्या कटरने तुटते. तीन आकडी कुलपाच्या तर अवघ्या १००० जुळण्या. फुरसत असलेल्या माणसाला त्या एकेक करून पाहता येतात. जाड पोलादी साखळी किंवा यू आकाराचे कुलूप यांपेक्षा पुष्कळ भक्कम, पण जड, आणि अडकवावयास खांब किंवा गज हवा. शिवाय जड कुलूप माणूस आठ दिवस हौसेने लावतो. नवव्या दिवशी "दोन मिनिटांचेच तर काम आहे" म्हणून ते पिशवीतच राहते. आमच्या मते गोल कुलूप प्रत्येक वेळी लावावे, आणि जेथे सायकल दिवसभर उभी राहणार, जसे स्टेशनवर, तेथे साखळीची भर घालावी. महागड्या कुलपाने पूर्ण निर्धास्त होता येते असेही नाही. २००४ साली अमेरिकेत नावाजलेली यू आकाराची कुलपे बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात असे उघडकीस आले आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली!

आता मूळ आक्षेपाकडे वळू. व्हित्तोरियो दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' हा १९४८ चा इटालियन चित्रपट काही वाचकांनी पाहिला असेल. अंतोनियो या बेकाराला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याची नोकरी मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. बायको पलंगपोस गहाण ठेवून ती सोडवून आणते, आणि पहिल्याच दिवशी सायकल चोरीस जाते. शेवटी शोधून थकलेला हा प्रामाणिक बाप एका दाराशी राखण नसलेली सायकल पाहतो आणि तीच घेऊन पळतो. मुलाच्या डोळ्यांदेखत तो पकडला जातो. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये असे नियमशास्त्र शिकविते. गरजेने आंधळा झालेल्या माणसाच्या वाटेत उघडी सायकल ठेवणे याहून फार वेगळे आहे काय? सराईत चोराला कुलूप अडवीत नाही. मोहाच्या एका क्षणी डळमळलेल्याला मात्र ते अडवते. मग ते शेजाऱ्यावरील संशयाचे चिन्ह कसे मानावे?

दुसरीही एक गोष्ट आहे, आणि आम्हांस ती अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या माहितीतील एका मंडळीत उपासनेच्या वेळी आवारातून बिनकुलपाची सायकल नाहीशी झाली. झाडलोट करणाऱ्या बाईच्या मुलाकडे सर्वांच्या नजरा वळल्या. कोणी स्पष्ट आरोप केला नाही. फक्त त्याला दोनदोनदा विचारले. तिसऱ्या दिवशी सायकल सापडली. मालकाच्याच मेव्हण्याने ती न सांगता स्टेशनला नेली होती. सायकल परत आली, पण तो मुलगा पुन्हा शब्बाथशाळेत आला नाही. वस्तू हरवली की संशय नेहमी सर्वांत गरिबाच्या दारी जातो. मालकाला पन्नास पावलांचा त्रास नको म्हणून त्या मुलाने हे का सोसावे?

मर्यादाही आहेच. ज्याचे लक्ष उपदेश चालू असता खिडकीबाहेरच्या सायकलीकडे असते, त्याला कुलूप पुरे पडत नाही. आणि किंमत पाहून कुलूप निवडू नये. गिअरची वीस हजारांची सायकल गेल्याने विद्यार्थी हळहळेल, पण दूधवाल्याची जुनी काळी सायकल गेली तर त्याचा दुसऱ्या दिवसाचा धंदाच बंद पडेल. भक्कम साखळीची गरज त्याला जास्त, आणि ती परवडत नाही त्यालाच.

येथे मंडळीने पुढे यावे. पुष्कळ आवारांत मोटारींसाठी चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. सायकली मात्र भिंतीला टेकवाव्या लागतात, आणि साखळी असली तरी ती अडकवावयास काही नसते. भिंतीलगत, पण दारातून दिसेल असा, लोखंडी नळीचा एक दांडा सिमेंटमध्ये पक्का बसवावयास फारसा खर्च येत नाही. येत्या वार्षिक सभेत कमिटीने हा विषय घ्यावा, आणि दांडा कोठे असावा हे सायकलीने येणाऱ्यांनाच विचारावे.