मुलाच्या ‘का?’ला आपण काय देतो?

जूनमध्ये शाळा उघडल्या की आपल्या घरांत वह्यांना कव्हरे घालण्याची, रेनकोट-दप्तरांची गडबड उडते. ट्यूशन कुठली लावायची, हा प्रश्नही त्यातलाच. ही काळजी खोटी नाही. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणाऱ्या आणि रात्री नऊला घरी पोचणाऱ्या आईबाबांना मुलाच्या गुणांची चिंता वाटली तर त्यात नवल ते काय! पण या धावपळीत मुलाचा एक प्रश्न रोज तसाच राहतो. तो प्रश्न म्हणजे ‘का?’

त्याला आपली तीन उत्तरे ठरलेली. ‘गप्प बस, अभ्यास कर.’ ‘मोठा झालास की कळेल.’ आणि तिसरे, आपल्या श्रद्धावंत घरांतले, ‘देवाने तसे केले म्हणून.’ पहिली दोन निदान टाळाटाळ आहेत हे मुलाला कळते. तिसऱ्याचा मात्र नीट विचार करायला हवा. देवाने केले हे खरेच आहे. पण ते वाक्य आपण बहुतेक वेळा प्रश्न मिटवण्यासाठी वापरतो. देवाचे नाव घेऊन मुलाचे कुतूहल मारणे ही भक्ती नव्हे, आळस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता, असे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. ईयोबाच्या ग्रंथात तर परमेश्वरच त्या पिडलेल्या माणसासमोर प्रश्नांची रास ओततो: पृथ्वीचा पाया, समुद्र, हिम, पाऊस, रानातली जनावरे. प्रश्न विचारल्याने श्रद्धा कमी होते ही भीती आपण कुठून आणली, कोण जाणे.

मग घरी करायचे तरी काय? त्यासाठी महागडी खेळणी किंवा विश्वकोश नको. पावसाच्या तोंडावर कर्जतच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी बायका शेवळे घेऊन बसतात. नुसते शेवळे शिजवून खाल्ले तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात. हे आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. ‘पण खाजते का?’ असे मुलाने विचारले तर? शेवळ्यात अळूसारखेच सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ती सोय. आता मूल पुढचे विचारील: ‘काकड घालायचे हे पहिल्यांदा कुणाला सुचले?’ त्या माणसाचे नाव कुठल्याच पुस्तकात नाही. प्रयोगशाळा नसताना, कधी घसा खाजवून घेत, कुणीतरी हे शोधले आणि मुलीला, सुनेला सांगितले. ज्या बाईशी आपण पाच रुपयांसाठी घासाघीस करतो तिच्याकडे हे ज्ञान आहे, हे मुलाला त्या दिवशी कळले, तर त्याचे वनस्पतिशास्त्र आणि माणुसकी एकदमच शिकून झाली!

शाळेत विषयांचे तास वेगवेगळे असतात. तसे ते असायलाही हवेत, चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकांनी आणखी काय करावे? पण ते विषय जोडून बघायला घरासारखी जागा नाही. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे ते मोठाले पाइप आपल्या मुलांनी लहानपणापासून पाहिलेले असतात. त्यांत काय आहे, हे किती जणांनी विचारले? आणि विचारले तेव्हा किती जणांनी सांगितले? लोणावळ्याला तलावांत अडवलेले पावसाचे पाणी त्यांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते. टाटांचे हे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालल्या. खरी गंमत तर पुढेच आहे. हे पाणी अडवले नसते तर ते इंद्रायणीच्या वाटेने, देहू-आळंदीवरून, भीमेत आणि कृष्णेत मिळून बंगालच्या उपसागराला गेले असते. आता ते पाताळगंगेत पडते आणि अरबी समुद्राला मिळते. उन्हाळ्यातही पाताळगंगा वाहती दिसते ती त्यामुळेच. भिवपुरीच्या वीजगृहाचे पाणीही १९२२ पासून असेच उल्हास नदीला मिळते. एका पाइपात भूगोल, विज्ञान, इतिहास सगळे आले. सातवीच्या मुलाला नकाशावर बोट फिरवत हे दाखवायला अर्धा तास पुरतो.

इथे थांबलो तर मात्र चित्र अर्धेच राहील. त्याच टाटा कंपनीने आपल्याच जिल्ह्यातल्या भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशीला धरण बांधले, तेव्हा बुडणाऱ्या जमिनींसाठी मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. दिवा लागतो तेव्हा कुणाचे तरी शेत पाण्याखाली गेलेले असू शकते, हेही मुलाला सांगायला हवे. ‘एवढ्या लहान वयात कशाला?’ असे आजी-आजोबा म्हणतील. मला वाटते, सांगावे. फक्त गोड भाग दाखवून वाढवलेले कुतूहल सहलीपुरतेच टिकते.

काही पालक म्हणतात, आम्ही स्वतः चौथी-पाचवी शिकलेले, आम्हाला काय जमणार? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परदेशी शिक्षणसाधने परवडणारी नव्हती. त्यांनी पाने, बिया, खडे, शंख घेतले आणि आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी मांडली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणावर नेली. आपल्या दारात बिया आणि खडे यांची काही कमी नाही. शिवाय ‘मला ठाऊक नाही, चल, कुणाला तरी विचारू’ हे वाक्य बोलायला पदवी लागत नाही.

सर्वांत अवघड परीक्षा आपल्या तालुक्यांनी अलीकडेच पाहिली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाचा कडा खालच्या इर्शाळवाडीवर कोसळला आणि ठाकूर समाजाची कितीतरी कुटुंबे झोपेतच गेली. त्या आठवड्यात खालापूर-कर्जतच्या घराघरांत मुलांनी विचारले असेल: डोंगर का पडला? सह्याद्री कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे, अतिवृष्टीत वरची माती आणि दगड पाणी पिऊन सुटतात, एवढे आपण सांगू शकतो. देवाने का होऊ दिले? इथे घाईने ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. मुलाजवळ बसावे, मलाही कळत नाही म्हणावे, आणि मेलेल्यांसाठी त्याच्याबरोबर प्रार्थना करावी.

पण मूल तेवढ्यावर थांबत नाही. मदतीला निघालेल्यांना चिखलातून पायीच डोंगर चढावा लागला, यंत्रे वर नेता आली नाहीत, हे त्याने टीव्हीवर पाहिलेले असते. ‘तिथे रस्ता का नव्हता?’ असे ते विचारते. हा प्रश्न भूगोलाचा, नागरिकशास्त्राचा की धर्मशिक्षणाच्या वर्गाचा, हे त्याला माहीत नसते. आपणही तो कुठल्या एका तासात ढकलू नये. वाडीवरच्या लोकांना रस्ता कुणी द्यायचा असतो, तो मागावा कसा लागतो, आपल्या आसपासच्या वाड्यांपैकी कुठे तो आजही नाही, हे मुलाला घेऊन ग्रामपंचायतीत जाऊन विचारता येते.