उरलेला फरक

आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. हा हिशेब आपल्या सोनारांच्या पेढीवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भस्मे करणारा वैद्य पारा आणि गंधक तोलूनच खलात घालत असे. युरोपातल्या किमयागारांच्या भट्टीशेजारीही तराजू होताच. मग रसायनाचे शास्त्र व्हायला अठरावे शतक का उजाडावे लागले? मला वाटते, तोवर वजन कृतीसाठी केले जाई, प्रश्नासाठी नव्हे. किती घालायचे ते तोलत. पण जे घातले ते सगळे कुठे गेले, हे तराजूला क्वचितच कोणी विचारत असे.

ब्रुसेल्सच्या यान बाप्टिस्ट फान हेल्मोन्टने ते विचारले. त्याने भट्टीत वाळवलेली 200 पौंड माती एका कुंडीत भरली आणि 5 पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले. वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेला पत्रा बसवला आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. शेवटी झाड भरले 169 पौंड आणि सुमारे 3 औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती जेमतेम 2 औंस कमी झाली होती. त्याच्या मृत्यूनंतर, 1648 मध्ये छापलेल्या ग्रंथात हा प्रयोग आहे. त्याचा निष्कर्ष असा की लाकूड, साल, मुळे हे सारे पाण्यापासूनच झाले.

निष्कर्ष चुकला. झाडाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतला होता आणि हवा हिशेबात धरलेलीच नव्हती. ‘गॅस’ हा शब्द ज्याने रूढ केला, त्याच्याच जमाखर्चातून वायू निसटला! तरीही हा प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. आकडे खरे लिहिले होते म्हणूनच पुढच्यांना चूक शोधता आली. पारड्यात काय ठेवले याइतकेच काय ठेवायचे राहिले हेही महत्त्वाचे, हा धडा तिथून सुरू होतो.

तो धडा पचायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. रॉबर्ट बॉइलने काचपात्रात कथील घालून पात्राचे तोंड बंद केले आणि ते तापवले. कथिलाचे भस्म झाले. मग त्याने तोंड फोडले, हवा आवाज करत आत शिरली, आणि त्यानंतर त्याने वजन केले. वजन वाढले होते. आगीचे सूक्ष्म कण काचेतून आत आले असावेत, असे त्याने 1673 मध्ये लिहिले. पुढे तर, जळताना पदार्थातून ‘फ्लॉजिस्टन’ नावाचे काहीतरी बाहेर पडते, हे मत सर्वमान्य झाले. काही बाहेर पडते, तर भस्माचे वजन वाढते कसे? हा फरक अनेकांना माहीत होता, पण तो बाजूला ठेवून काम चालले होते.

1774 मध्ये आंत्वान लाव्हाझिएने तोच कथिलाचा प्रयोग केला. बदल एवढाच, की पात्र उघडण्याआधी त्याने ते तोलले. वजन तसूभरही वाढले नव्हते. म्हणजे काचेतून आगीचे कण आत आलेले नव्हते. तोंड उघडल्यावर हवा आत गेली आणि मगच वजन वाढले. ही वाढ कथिलाच्या वाढलेल्या वजनाशी जुळत होती. कथिलाने आतल्याच हवेचा काही भाग घेतला होता. उपकरण तेच, पदार्थ तोच, फक्त तोलण्याची वेळ बदलली आणि शंभर वर्षांचा गैरसमज उघडा पडला. लाव्हाझिए सरकारी कर वसूल करणाऱ्या कंपनीचा भागीदार होता. जमा आणि खर्च जुळलेच पाहिजेत, हा पेढीचा दंडक त्याने प्रयोगशाळेला लावला. क्रियेच्या आधी जेवढे द्रव्य, तेवढेच नंतर, हे त्याने 1789 च्या आपल्या ग्रंथात तत्त्व म्हणून मांडले. तेव्हापासून न जुळणारा हिशेब ही तक्रार राहिली नाही, ती शोधाची खूण झाली.

या विचाराचा कळस मला लॉर्ड रॅले यांच्या कामात दिसतो. ते नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन त्यांच्या काचगोलात 2.310 ग्रॅम भरे, तर रासायनिक संयुगांतून मिळवलेला 2.299 ग्रॅम. फरक 11 मिलिग्रॅमचा, म्हणजे एका गुंजेच्या दहाव्या हिश्श्याएवढा. आधीच्या मोजणीत तर तो याहून कितीतरी लहान होता. 1892 मध्ये त्यांनी हे कोडे ‘नेचर’मध्ये जाहीरपणे मांडले आणि रसायनतज्ज्ञांकडे मदत मागितली. मोजण्यातली चूक म्हणून तो फरक पुसता आला असता. त्यांनी उलट केले. पूर्वी अमोनिया हवेबरोबर वापरल्याने थोडाच नायट्रोजन अमोनियातून येई. त्यांनी हवेऐवजी ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळा नायट्रोजन अमोनियातलाच. फरक जवळजवळ पाचपट झाला. मग विल्यम रॅम्झी आणि त्यांनी मिळून त्या फरकात दडलेले मूलद्रव्य 1894 मध्ये जगापुढे आणले. ते म्हणजे आरगॉन. हवेत तो सुमारे 0.93 टक्के असतो. त्याच्या 109 वर्षे आधी हेन्री कॅव्हेंडिशने प्रयोगाअखेर उरलेल्या एका लहानशा बुडबुड्याची नोंद केली होती, मूळ नायट्रोजनच्या 1/120 हूनही कमी. बुडबुडा क्षुल्लक होता, पण नोंद प्रामाणिक होती, म्हणून तिला शतकानंतरही अर्थ मिळाला.

आता आपल्या प्रात्यक्षिकाच्या वहीकडे पाहा. अनुमापनात ब्युरेटची तीन वाचने सारखी यावी लागतात. एक वाचन घ्यायचे, 9.8, 9.8, 9.8 असे तीनदा लिहायचे आणि वही तपासायला द्यायची, हे मी विद्यार्थी असताना केले आहे आणि नंतर अनेकांना करताना पाहिले आहे. बंद शंकुपात्रातल्या प्रयोगात आधीचे आणि नंतरचे वजन जुळले नाही, तर ते जुळवून लिहिले जाते. बूच सैल होते का, बाहेरून पात्र ओले राहिले का, तराजू शून्यावर होता का, हे विचारायची संधी खोडरबराखाली जाते. गुण मिळतात, पण रसायनशास्त्राने दीडशे वर्षे खपून जे कमावले, नेमके तेच मुलाच्या हाती लागत नाही.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे. पुस्तकातल्या उत्तराशी न जुळणाऱ्या वाचनाचे गुण कापू नका, त्याखाली लिहिलेल्या कारणाला गुण द्या. आणि विद्यार्थ्यांनो, काटा जिथे थांबला तोच आकडा लिहा. उरलेला फरक वहीत राहू द्या.