दुःखाला पुरावा कोणता?

विहारातल्या रविवारच्या वर्गात एक प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरातला एखादा तरुण उठून म्हणतो, "सर, कोणाच्या सांगण्यावरून काही मानू नका, पुरावा पाहा, असे आपण शिकवता. मग दुसऱ्याला दुःख आहे हे तरी त्याच्या सांगण्यावरून का मानायचे?" विचारणाऱ्याला प्रश्न गमतीचा वाटतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही तो तसाच वाटे. करुणेविषयी चार शब्द बोलून मी वेळ मारून नेत असे. आता तसे करवत नाही. त्याचे कारण माझ्याच घरात घडले. त्यात माझाही दोष आहे, म्हणून ते येथे मांडतो.

माझी थोरली बहीण भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आईबरोबर विड्या वळत असे. त्या विड्यांच्या पैशांवर मी बी. ए., बी. एड. झालो. आमच्या कुळात पदवीचा कागद हातात धरणारा मी पहिला. ताईला सिकलसेल आहे, आणि ती नुसती वाहक नसून रोगी आहे. पूर्व विदर्भातल्या वाचकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी एवढेच सांगतो की या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, अकाली फुटतात, अंगात रक्त टिकत नाही आणि सांधे ठणकतात. हा आजार आईबापांकडून येतो. हे दुखणे तिने लहानपणापासून सोसले. त्यामुळे दुखणे म्हणजे काय हे तिला शिकवण्याची कोणाला गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती म्हणू लागली, "बाबू, माही तहानच जात नाही रे." रात्री उशाशी दोन तांबे पाणी ठेवायची आणि पाच-सहा वेळा उठायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डाव्या टाचेला काटा लागून झालेली जखम भरेना. एके दिवशी तिनेच मला न्हाणीत नेऊन दाखवले. जिथे लघवीचे पाणी वाहत होते तिथे मुंग्यांची रांग लागली होती. "हे शुगर आहे," ती म्हणाली.

आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सिकलसेलचे कार्ड पाहिले आणि कार्डाच्या पुढे काही पाहिले नाही. सिकलच्या रोग्याला लघवी जास्त होतेच, पाणी भरपूर प्यायचे, असे म्हणाले. हे खोटे नव्हते. या आजारात मूत्रपिंडाची लघवी दाट करण्याची शक्ती कमी होते, म्हणून तहान आणि लघवी दोन्ही वाढतात. पण ताईला सिकल जन्मापासून होता आणि ही तहान त्या उन्हाळ्यातली होती. हा फरक ती सांगत होती. तो कोणी लिहून घेतला नाही.

तालुक्याच्या खाजगी डॉक्टरांकडे गेलो. मुंग्यांची गोष्ट ऐकून ते हसले. "एवढ्या बारीक बाईला कसली शुगर? हा खात्यापित्या घरचा आजार," असे म्हणून त्यांनी पुन्हा कार्डाकडे बोट दाखवले, "तुमच्या लोकांत हे असायचेच." आईने हळूच मला म्हटले, "बाबासाहेबाले होती ना शुगर?" आई शाळेत गेलेली नाही, पण बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यांचे पाय दुखत, हे तिने सभांतून ऐकलेले. मी तिला गप्प केले.

(या 'तुमच्या लोकांत'विषयी दोन शब्द. सिकलचा गुण रक्तात राहिला तो मलेरियामुळे, कारण एकाच पालकाकडून तो आलेल्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते. तो ठरावीक समूहांत कोंडला गेला, कारण आपल्या देशात माणसे जातीबाहेर लग्न करीत नाहीत. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या निबंधात मांडले होते. तेव्हा आमच्या रक्तात जे आहे त्यात मोठा वाटा या समाजाच्या रचनेचा आहे. असो.)

मी फारच आग्रह केला तेव्हा डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी लिहून दिली. तिला एचबीए१सी म्हणतात. अहवाल आला ५.४. मधुमेहाची रेषा ६.५ पासून पुढे. "नॉर्मल आहे. मनातून काढून टाका," डॉक्टर म्हणाले.

आता माझ्या दोषाकडे येतो. तो कागद मी स्वतः वाचला. इंग्रजी होता, छापील होता, खाली सही-शिक्का होता. मला हायसे वाटले. घरी येऊन मी ताईला म्हणालो, "रिपोर्ट नॉर्मल आहे. आता उगाच मनाचे घेऊ नको." ती काही बोलली नाही. आईने मात्र एका बाबाकडे जाऊन अंगारा आणू म्हटले, तेव्हा मी भडकलो. आजोबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली ती यासाठी का, असे विचारले आणि केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले यावर आईला अर्धा तास व्याख्यान दिले. परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. हे सारे मी बोलत होतो तेव्हा तो अहवाल माझ्या खिशात होता.

त्या दिवसापासून ताईने सांगणे बंद केले. आम्हाला वाटले तिला बरे वाटू लागले.

पाच महिने गेले. आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांसाठी घेतलेले बोटाला टोचून साखर मोजण्याचे छोटे यंत्र एकदा त्याच्या पिशवीत होते. संध्याकाळी तो आमच्याकडे चहाला आला, ताईची टाच पाहिली आणि काही न बोलता यंत्र काढले. आकडा आला ३८६. दुसऱ्या दिवशी आम्ही वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होतो. तिथल्या डॉक्टरबाईंनी कार्ड बाजूला ठेवले आणि ताईला विचारले, "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय झालंय?" इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा आला. ताई रडली. उपाशीपोटी साखर निघाली २१२. १२६ किंवा त्याहून जास्त निघाली की तो मधुमेह.

मग कागद खोटा होता काय? नव्हता, आणि मला विचार करायला लावले ते यानेच. डॉक्टरबाईंनी समजावले की ती तपासणी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तितके दिवस साखर गोळा करते. सिकलच्या रोग्याची पेशी त्याच्या लहानशा हिश्शाइतकेच दिवस जगते, म्हणून साखर चिकटायला वेळच मिळत नाही. रक्ताची पिशवी लावली असेल तर मोजल्या जाणाऱ्या पेशी दुसऱ्याच माणसाच्या असतात. म्हणजे तपासणीने प्रामाणिकपणे आकडा दिला, पण तो ताईच्या साखरेचा नव्हता. अशा रोग्याची साखर थेट रक्तातच, उपाशीपोटी आणि जेवणानंतर, मोजावी लागते. ज्या घरात सिकलचे कार्ड आहे त्या घराने एवढे वाक्य लक्षात ठेवावे. लोहाच्या कमतरतेने हाच आकडा उलट फुगूही शकतो.

आणि 'बारीक बाई'? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. आपली मुले जन्मतः वजनाने कमी असतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, असे त्यांना दिसले. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले गेले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा बारीक दिसणाऱ्याला शुगर नसते ही समजूत आपल्या देशात तरी टिकत नाही. विड्या वळणारीला ती होऊ शकते.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. डॉक्टर म्हणाले, मी पुराव्यावर चालतो. मीही तेच म्हणालो. बौद्धाने पुराव्यावरच चालले पाहिजे. मग चुकलो कुठे?

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्माचे फळ असते असे काही जण म्हणतात, यावर आपले काय मत आहे, असे तो तथागतांना विचारतो. तथागत उत्तर देतात की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतू बदलल्याने, काही बाहेरच्या आघाताने. सगळ्यांचे खापर पूर्वकर्मावर फोडणारे चुकतात. एवढा भाग आपण भाषणांतून सांगतो, आणि सांगावाच. पण हे कशावरून कळते याची दोन प्रमाणे तथागत तिथेच देतात. अमुक वेदना अशी उपजते हे ज्याचे त्याला स्वतःला कळते, हे पहिले प्रमाण. आणि लोकांतही ते सत्य मानले जाते, हे दुसरे. ज्याला वेदना होते त्याची जाणीव इथे पुराव्याबाहेर ठेवलेली नाही, पुराव्याच्या पहिल्या जागी ठेवली आहे. मी हे सुत्त कितीदा वाचले होते, पण त्यातले हे अर्धे वाक्य मला टाचेच्या जखमेने दाखवले.

यावर कोणी म्हणेल, मग रोगी म्हणेल ते सगळे खरे मानायचे काय? आई म्हणाली अंगारा आणू, तेही खरे? इथे भेद केला पाहिजे, आणि तो मी केला नाही. दुखणाऱ्याचे सांगणे दोन भागांचे असते. 'मला तहान लागते, मी वाळत चालले आहे' ही साक्ष आहे. 'हे अमुक कारणाने होते' हा तर्क आहे. तर्क चूक असू शकतो. तो तपासावा, आणि डॉक्टरी विद्येचे कामच ते. साक्ष मात्र तिच्याहून जवळच्या कोणाजवळ नाही. आईचा अंगारा मी फेटाळला ते योग्यच केले. पण अंगाऱ्याबरोबर मी तिची साक्षही फेटाळली, की पोरीला काहीतरी मोठे झाले आहे. ते खरे होते. डॉक्टरांनी तर तर्कही तपासला नाही. मुंग्या हा काही अंधविश्वास नव्हे. मधुमेहाचे हे लक्षण जुन्या वैद्यकानेही नोंदवलेले आहे. एका थेंबाची तपासणी झाली असती तर पाच महिने वाचले असते.

डॉक्टरांवर मी सरसकट दोष ठेवीत नाही. ज्या दवाखान्यात एका सकाळी शंभर माणसे रांगेत उभी असतात तिथे ऐकण्याला वेळ कोठून आणायचा, हा प्रश्न खराच आहे. पण मला अशी कोणती रांग होती? मी घरातला. पहिल्या पिढीत शिकलेल्या आमच्यासारख्यांना कागदाचे फार मोल वाटते, कारण तो फार उशिरा हातात आला. त्या कागदाने आम्हाला चुलीपुढून वर्गापुढे नेले. त्यामुळे कागद आणि घरातले अडाणी माणूस यांत मतभेद झाला की आम्ही कागदाच्या बाजूला जाऊन उभे राहतो, आणि त्याला विज्ञाननिष्ठा म्हणतो. पोथी सोडली, पण पोथीपुढे मान झुकवण्याची सवय जशीच्या तशी राहिली.

विनयातल्या महावग्गात आजारी भिक्खूविषयी एक जागा आहे. शुश्रूषेला अवघड रोगी कोणता, हे सांगताना तथागत म्हणतात की जो आपला आजार वाढतो आहे की घटतो आहे हे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगत नाही तो. म्हणजे सांगणे हे रोग्याचे कर्तव्य झाले. पण त्याच ठिकाणी ऐकणारा हिताची इच्छा धरणारा असावा असेही गृहीत आहे. ताई चांगली रोगी होती. वाढले तेव्हा वाढले म्हणून तिने सांगितले. 'मनाचे घेऊ नको' या माझ्या एका वाक्याने तिला मी अवघड रोगी केले. त्या पाच महिन्यांत टाचेची जखम हाडाजवळ गेली होती.

ताई आता सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेते. सुई तीच टोचते. मला अजून धीर होत नाही. जखम आश्विन पौर्णिमेच्या सुमारास भरली. डाव्या पायाच्या दोन बोटांची संवेदना मात्र गेली ती आली नाही. दर तीन महिन्यांनी रुग्णालयात तिचे पाय तपासतात. त्या तपासणीला यंत्र नाही, नायलॉनचा एक जाडसर दोरा असतो. डॉक्टरबाई तिला डोळे मिटायला सांगतात, दोरा एकेका बोटाला टेकवतात आणि विचारतात, "लागलं?" ताई कुठे "हो" म्हणते, कुठे "नाही" म्हणते. त्या तेवढेच कागदावर लिहून घेतात.