तळघरातील दवाखाना

मंडळीतील एखादा भाऊ रात्र रात्र जागू लागला, माणसे टाळू लागला, म्हणजे आम्ही त्याच्या घरी जातो, शास्त्रपाठ वाचतो, प्रार्थना करतो आणि निघताना दाराशी हळूच म्हणतो, याचा विश्वास कमी पडला. म्हणूनच न्यू यॉर्कमधील हार्लेम येथील एका मंडळीची हकीकत सांगावीशी वाटते.

हार्लेम ही कृष्णवर्णीयांची दाट वस्ती. तेथील गरिबाने मनाच्या दुखण्यासाठी कोठे जावे? पुष्कळ ठिकाणी वर्ण पाहूनच दार बंद होई. १९४६ साली सेंट फिलिप्स एपिस्कोपल चर्चचे पाळक शेल्टन हेल बिशप यांनी चर्चच्या इमारतीतील तळघर डॉ. फ्रेडरिक वर्थम यांना दवाखान्यासाठी दिले. कादंबरीकार रिचर्ड राइट यांनीही या कामी खटपट केली होती. आठवड्यातून दोन संध्याकाळी दवाखाना उघडे. डॉक्टर विनावेतन येत. फी २५ सेंट, तीही जमेल त्याने द्यावी. दवाखान्याला नाव दिले पॉल लाफार्ग यांचे, म्हणजे कार्ल मार्क्सच्या जावयाचे! तरी पाळकांनी दार लावले नाही, हे आमच्या कमिट्यांनी ध्यानात घ्यावे.

आता अवघड प्रश्न. ज्याला वर्णामुळे काम नाही, धड घर नाही, त्याची धास्ती हा केवळ आजार म्हणावा काय? त्याला शांत करून पुन्हा त्याच अन्यायात धाडले, तर तो बरा झाला काय? वर्थम तळघरापाशी थांबले नाहीत. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवल्याने मुलांच्या मनाला इजा होते, अशी साक्ष त्यांनी मुलांना तपासून १९५१ साली डेलावेअरच्या न्यायालयात दिली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली अशा शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात हा खटलाही होता. दवाखाना मात्र १९५८ साली बंद पडला.

शब्बाथ शाळेत आपण एलीयाची गोष्ट शिकवतो. रतामाच्या झुडपाखाली तो मरण मागत होता. देवदूताने त्याला विश्वासावर बोल लावला नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा निजू दिले. येथवर आपण नीट सांगतो. परंतु एलीयाला ईजबेलीचे भय होते आणि ईजबेल खरोखरच होती, हे सांगावयाचे राहून जाते.

आमच्यातही जातीवरून सोयरीक मोडलेली मुलगी अबोल झाली, तर तिच्यासाठी प्रार्थनासभा ठेवतात. सोयरीक मोडणाऱ्यांच्या घरी मात्र आमच्यापैकी कोणी गेलेले नाही.